गुरुजींचा तारा

शेलूबाजारहून रोहीखेडकडे वळताना फाट्यावर एक पाटी लागते. परवापरवापर्यंत तिच्यावर शेपूट असलेला पिवळा तारा होता आणि खाली जाड अक्षरात लिहिलेलं होतं, ‘रोहीखेड : इथे तारा पडला’. रंगवताना शेपूट जरा जाड झाली होती, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला वाटे, या गावात मुळे चांगले होत असावेत. पाटी रंगवणारे शेलूबाजारचे रहीम पेंटर म्हणत, गुरुजींनी सांगितलं तसं काढलं. रंगवून घेणारे इंद्रभान गुरुजी म्हणत, रहीमभाईनं जन्मात कधी आभाळाकडे नीट पाहिलेलंच नाही. दोघांची मैत्री इतकी जुनी होती की भांडायला नवीन विषयच उरला नव्हता. हा एक होता, तो दोघांनी जपून ठेवला होता.

तारा पडला म्हणतात ती जागा म्हणजे परात. गावाच्या उगवतीला जमीन एकाएकी खाली बसल्यासारखी गोल खोलगट होते, भोवती ठेंगणी कड आणि मध्ये काळी, कसदार माती. पावसाळ्यात तिथं पाणी साचतं, म्हणून खरिपात कोणी फारसा हात लावत नाही. पण पाणी ओसरलं की हरभरा असा येतो की बघत राहावं. कणीक मळायच्या परातीसारखा आकार, म्हणून परात. जुनी माणसं सांगत, भीम इथं जेवला आणि परात न घासताच उठून गेला.

भीमाची ही गोष्ट इंद्रभान गुरुजींनी मोडीत काढली. जिल्हा परिषदेच्या शाळेत नवे नवे लागले होते तेव्हा ते पोरांची सहल घेऊन लोणारला गेले. सरोवराच्या काठावर उभं राहून त्यांनी खाली पाहिलं, आणि पोरं मोजायची सोडून ते तसेच उभे राहिले. ही तर आपली परात, फक्त थोरली. लोणारला आभाळातून दगड पडला असेल, तर त्याचा एखादा तुकडा रोहीखेडला का पडू नये? गुरुजी सहलीहून परत आले ते तारा घेऊनच.

तेव्हापासून चौथीचा प्रत्येक वर्ग हिवाळ्यात परातीच्या कडेवर जाऊन बसू लागला. गुरुजी आधी पोरांना विचारत, हा खड्डा कसा झाला असंल? पोरं काय वाटेल ते सांगत. म्हशी लोळल्या. पाताळातून साप निघाला. सगळ्यांचं ऐकून झालं की गुरुजी आभाळाकडे बोट करत आणि तारा खाली आणत. पोरं घरी जात ती वर बघत, ठेचकाळत. गुरुजी खोटं सांगत नव्हते बरं का. त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं, आणि कधी तपासून न पाहिलेल्या गोष्टीइतकं पक्कं खरं दुसरं काही वाटत नसतं. गावही त्यांना तारागुरुजी म्हणू लागलं. काही थट्टेनं म्हणत, काही प्रेमानं. गुरुजींनी दोन्ही प्रकार सारख्याच मानानं घेतले.

त्याच पोरांत एक रुपाबाईची वैभवी होती. तिचा वर्ग कडेवर बसला त्या दिवशी सगळी पोरं आभाळाकडे पाहत असताना ती खाली पाहत होती. तिनं विचारलं, “गुरुजी, मंग तारा गेला कुठं?” गुरुजी म्हणाले, असंल खाली, खोल. वैभवीचं तेवढ्यावर समाधान झालं नाही. ती शिकत शिकत अमरावतीच्या विद्यापीठापर्यंत गेली. आता ती डोंगर, दऱ्या, खड्डे असे का आणि कसे होतात याचाच अभ्यास करत होती. आणि जानेवारीच्या एका सकाळी विद्यापीठाच्या गाडीतून एक पिवळी पेटी, केबलची भेंडोळी आणि लोखंडी खुंट्यांची पोती घेऊन ती रोहीखेडला उतरली. परातीच्या खाली काय आहे ते बघायला आलेय, असं तिनं गुरुजींना सांगितलं. पेटी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत जायची होती.

गुरुजींना काय झालं ते त्यांचं त्यांनाच नीट कळलं नाही. छाती फुगली हे तर झालंच. पण पेटीकडे पाहताना ते नकळत दोन पावलं मागेही सरले. रहीमभाई पाहायला आले होते, त्यांनी मित्राचं तोंड बरोबर वाचलं. ते कानाशी येऊन म्हणाले, “गुरुजी, झाकली मूठ सव्वा लाखाची. कायले उघडून पाह्यता?” गुरुजींनी त्यांना झिडकारलं. जन्मभर पोरांना प्रश्न विचारायला शिकवलेला माणूस मूठ झाकायची म्हणू शकत नाही. निदान चारचौघांत तरी नाही.

मशीनचं काम वैभवीनं कडेवर उभं राहून सगळ्यांना समजावून सांगितलं. खुंट्या एका ओळीत ठोकायच्या आणि केबलनं पेटीला जोडायच्या. दोन खुंट्यांमधून जमिनीत वीज सोडायची आणि दुसऱ्या दोन खुंट्यांवर बघायचं की वाटेत तिला किती अडथळा झाला. ओल्या चिकणमातीतून वीज सहज जाते, कोरड्या अखंड खडकात अडते. खुंट्या जवळजवळच्या घेतल्या तर वरवरचं कळतं, लांबलांबच्या घेतल्या तर खोलवरचं. मग कॉम्प्युटर ते सगळं जुळवून जमिनीचं उभं चित्र काढतो, जणू कोणी मधोमध चिरून दाखवावं. वीज सहज गेली तिथं निळं, अडली तिथं लाल.

“म्हंजे भाकर न मोडता कच्ची हाय का पायनं,” गुरुजींच्या बायकोनं, चतुराबाईनं, सगळ्यांसाठी सारांश काढला. वैभवी म्हणाली, अगदी तसंच.

गुरुजींनी मात्र मास्तराला शोभेल अशी अट घातली. उत्तर उघडायच्या आधी अंदाज लिहायचा, हा त्यांच्या वर्गाचा नियम होता. तारा पडला असला तर चित्र कसं येईल आणि नसला पडला तर कसं, हे वैभवीनं आधीच काढून दाखवायचं. वैभवी हसली. तिनं काठी घेऊन मातीत दोन पराती काढल्या. आपल्याकडचा खडक भाकरीच्या चळतीसारखा थरावर थर असा आडवा बसलेला असतो, ती म्हणाली. वरून मोठा दगड आदळला असला तर परातीखाली ही चळत पार चुरा झालेली दिसेल, फटींत पाणी मुरलेलं असेल, म्हणून लाल-निळ्याचा चिवडा खोलवर गेलेला असेल. नसला पडला तर वर निळी माती आणि तिच्याखाली लाल थर, जसेच्या तसे, सपाट. गुरुजींनी दोन्ही चित्रांभोवती दगड ठेवले, कोणी तुडवू नये म्हणून.

परातीत गुरुजींचंही शेत होतं; खुंट्यांची ओळ शेजारच्या सोमलाच्या पडीक तुकड्यातून गेली, गुरुजींच्या हरभऱ्याच्या कडेकडेनं. सोमलानं हातोडा आपणहून घेतला. जमीन वरून भेगाळलेली होती, म्हणून वैभवी प्रत्येक खुंटीच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतत होती. ते बघून सोमला खूश झाला. झटक्याच्या अर्थिंगले आमी बी हेच करतो, तो म्हणाला. झटका मशीन आता शेताशेतात झालं आहे. रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून शेताभोवती बारीक वायर ओढायची, आणि सौर बॅटरीवरचं एक डबं तिला थांबून थांबून झटका देत राहतं. जनावर मरत नाही, पण दुसऱ्यांदा फिरकत नाही. डबं चालू असलं की टक्, टक् असा आवाज येतो.

झटक्याचं नाव निघताच वैभवीनं मान वर केली. तुमचं मशीन बंद आहे ना, असं तिनं गुरुजींना विचारलं. जमिनीत दुसरी वीज फिरत असली तर तिच्या पेटीला काही कळणार नाही. गुरुजी म्हणाले, दिवसा बंदच असतं, सकाळी मीच बंद केलं. ते खरंच होतं. वैभवीनं पुन्हा विचारलं नाही. गुरुजींच्या शब्दावर तिनं आजवर कधी फेरतपासणी केली नव्हती.

दहाच्या सुमारास निम्मं गाव परातीत होतं. तारा निघणार आहे अशी आवई कोणी उठवली देव जाणे, पण माणसं बायकापोरांसह आली. आली ती आली, आणि हरभऱ्याला नुकते घाटे भरलेले. उभ्याउभ्या कोणाचा हात थांबतो? बघता बघता कडेची झाडं टहाळासाठी उपटली जाऊ लागली. चतुराबाई दोनदा ओरडली. तिसऱ्यांदा ती काही बोलली नाही, पदर खोचून हरभऱ्यातून पलीकडे निघून गेली. थोड्या वेळानं गुरुजींनी पाहिलं तर सगळी माणसं हरभरा सोडून शहाण्यासारखी सोमलाच्या बांधावर जाऊन बसली होती. गुरुजींना आपल्या गावाचं कौतुक वाटलं. समजावून सांगितलं की लोक ऐकतात, असं ते सोमलाला म्हणाले. सोमला नुसताच हसला, त्याला हे काम चतुराबाईच्या तोंडाचं वाटलं.

दुपार कलली तेव्हा चित्र आलं. वैभवीनं गाडीच्या मागच्या फळीवर लॅपटॉप ठेवला आणि माणसं त्यावर झुकली. वर निळं. आणि खाली, जिथं खडक असायचा तिथं, लाल-निळ्याचा नुसता चिवडा. तुकडे तुकडे, खोलवर, चित्राच्या तळापर्यंत.

गुरुजींनी मातीतल्या पहिल्या चित्राकडे बोट केलं. मग गलका झाला. कोणीतरी त्यांना उचलायचा प्रयत्न केला, पण गुरुजींच्या वजनापुढे त्याचं चाललं नाही. रहीमभाईंनी शेलूबाजारहून पेढे मागवले, मित्राला मिठी मारली, आणि पाटीवरचा तारा आता फुकटात नवा करून देतो असं जाहीर केलं. गुरुजींचे डोळे भरून आले. एवढी वर्षं जे मनात होतं ते आज चारचौघांना दिसलं, याच्याइतकं सुख माणसाला आणखी कशात मिळणार?

एकटी वैभवी पेढा हातात धरून बसली होती. तिनं गुरुजींना बाजूला घेऊन सांगितलं की तिला हे चित्र पटत नाही. एकाच जागी दोनदा मोजलं तर दोनदा वेगळंच येतंय. खडक चुरा झालेला असला तरी तो दोनदा मोजल्यावर तसाच दिसायला हवा. उद्या सकाळी मी पुन्हा सगळं घेते, ती म्हणाली. गुरुजी म्हणाले, घे, दहा वेळा घे. आनंदात माणूस उदार असतो.

दिवस मावळताना ते नेहमीसारखे झटका चालू करायला गेले. डबं हरभऱ्याच्या पलीकडच्या टोकाला, निंबाच्या खोडाला टांगलेलं होतं. गुरुजींनी बटणाकडे हात नेला आणि तो तिथंच थांबला. डबं टक्, टक् करत होतं. बटण आधीच चालू होतं.

घरी चतुराबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. झटका कोणी चालू केला, असं गुरुजींनी विचारलं.

“मी केला,” ती म्हणाली. “अर्धा हरभरा उपटून नेत होते ना ते. म्या म्हटलं, लावा आता हात. कसे गेले मंग सारे त्या बांधावर.”

“अवं, पण तिकडं मशीन चालू होतं ना.”

“मी का मशीनवर चालू केला काय? हरभऱ्यावर केला.”

गुरुजी पाटावर बसले. त्यांना सगळं कळलं होतं, आणि ते कळायला विद्यापीठात जायची गरज नव्हती. दिवसभर झटका जमिनीत उतरत राहिला, आणि पोरीच्या पेटीनं त्यालाच खडक समजून त्याचं चित्र काढलं. तो चिवडा झटक्याचा होता. खडक कसा आहे हे अजून कोणालाच ठाऊक नव्हतं.

चतुराबाईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. बाईचं शिक्षण दुसरीपर्यंतचं, पण नवऱ्याचं तोंड तिला पाठ होतं. माझ्यानं काही बिघडलं काय, तिनं विचारलं. गुरुजी म्हणाले, नाही. मग जरा वेळानं म्हणाले, हो. पोरीला सांगा मग, ती म्हणाली. सकाळी सांगतो, असं म्हणून गुरुजींनी ताट पुढे ओढलं, पण भाकरी अर्धीच खाल्ली.

सकाळी सांगायचं ते सकाळी राहिलं. वैभवी भल्या पहाटे खुंट्यांवर पाणी घालून आली होती. रहीमभाई स्कूटरवर रंगाचे डबे बांधून हजर होते. दुसरं चित्रही असंच आलं की थेट फाट्यावर जायचं, असा त्यांचा बेत होता. लोक कालच्यापेक्षा कमी होते, पण जे होते ते गुरुजींना वाकून नमस्कार करत होते. आणि हरभऱ्यापलीकडे निंबाच्या झाडाला डबं टांगलेलंच होतं, रात्रीपासून चालू. रोज उठल्यावर ते बंद करणारे गुरुजी आज त्या बाजूला गेलेच नव्हते.

वैभवीनं पेटी उघडली आणि कालच्यासारखंच विचारलं, “गुरुजी, झटका बंद हाय ना?”

जन्मात एवढा छोटा प्रश्न गुरुजींना एवढा अवघड गेला नव्हता. “तू लाव मशीन,” ते म्हणाले. हे काही उत्तर नव्हतं. वैभवीनं ते उत्तर म्हणून घेतलं.

गुरुजी बांधावर बसले. एवढ्या लांबून डब्याचा आवाज येणं शक्य नव्हतं, पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्यांना तो येत होता. टक्, टक्. आपण खोटं बोललो नाही, त्यांनी स्वतःला सांगितलं. आपण काहीच बोललो नाही. आज चित्र पुन्हा तसंच येईल. पोरीला पटणार नाही, पण दोनदा आलेलं चित्र ती नाकारील तरी कशी? किंवा कंटाळून म्हणेल, इथं काही कळत नाही, आणि पेटी घेऊन जाईल. काही कळलं नाही तरी चालतं. तारा राहतो. पाटी राहते. शाळेतून बाहेर पडलेली शेकडो पोरं, कोणी पुण्यात, कोणी फौजेत, कोणी कारंज्याच्या मार्केटात, आपल्या पोरांना सांगत असतील, आमच्या गावात तारा पडला. त्यांच्या तोंडून तो कशाला काढून घ्यायचा?

समोर वैभवी पेटीवर वाकली होती. आकडे उड्या मारत असावेत, कारण ती पुन्हा पुन्हा एकाच खुंटीशी जाऊन केबल दाबून पाहत होती, मीठपाणी ओतत होती, परत येत होती. तिच्या कपाळावर एक आठी पडली होती. गुरुजींनी ती आठी ओळखली. चौथीत असताना गणित सुटलं नाही की हिच्या कपाळावर तीच यायची, आणि सुटेपर्यंत ही पोर डबा खायला उठायची नाही. चूक आपल्याकडूनच झाली, असं धरून ती बिचारी आपलंच काम तपासत होती.

गुरुजींना लाज वाटली. ती वाटायलाच हवी होती. पण खरं सांगायचं तर लाजेनं ते उठले नाहीत. लाज गिळून माणूस दिवसभर बसू शकतो, पुष्कळ लोक जन्मभर बसतात. गुरुजी उठले ते दुसऱ्याच गोष्टीनं. त्यांच्या मनात एकदम आलं, खाली खरंच काय असंल? इतकी वर्षं ते या कडेवर बसले, सांगत राहिले, पण खाली पाहिलं असं कधी झालंच नव्हतं. आज पाहणारा डोळा दाराशी आला होता आणि त्यात आपणच धूळ टाकत होतो. संध्याकाळी पेटी जाईल. मग मरेपर्यंत कळणार नाही. या विचारानं त्यांना असं काही कासावीस केलं की ते चपला न घालताच चालू लागले.

वायर जपून ओलांडून, स्वतःच्या हरभऱ्यातून, घाटे तुडवत, ते सरळ निंबापर्यंत गेले. बटण बंद केलं. टकटक थांबली. परत आले तेव्हा त्यांना धाप लागली होती आणि सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

“वैभवी,” ते म्हणाले, “झटका चालू होता. काल दिवसभर बी चालू होता. मले काल सांजंलेच कळलं.”

चतुराबाई तोंड उघडून काही सांगू पाहत होती, बहुतेक हरभऱ्याचं, पण गुरुजींनी हातानं थांबवलं. वैभवीनं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या मातीनं भरलेल्या अनवाणी पायांकडे पाहिलं, आणि मान हलवून पेटीकडे वळली. “पुन्हा घेते,” एवढंच ती म्हणाली.

या वेळी आकडे शहाण्यासारखे वागले. एकदा मोजलं ते दुसऱ्यांदाही तसंच आलं. लॅपटॉपवर चित्र उमटलं तेव्हा गलका झाला नाही, कारण काय आलं ते सगळ्यांना एका नजरेत कळलं. वर निळी माती, जाड, बशीसारखी. आणि तिच्याखाली लाल थर, एकावर एक, सपाट, कुठंही न तुटलेले. मातीत काढलेलं दुसरं चित्र.

गुरुजी बराच वेळ पाहत राहिले. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. घरातलं माणूस गेल्यासारखं. रहीमभाईंनी खांद्यावर हात ठेवला आणि एकदाही थट्टा केली नाही, त्यावरूनच गुरुजींना कळलं की आपलं तोंड कसं झालं असेल.

पण मास्तराचा डोळा फार वेळ रडत बसत नाही. चित्राच्या उजव्या टोकाला, परातीच्या कडेखाली, काहीतरी वेगळं होतं. तिथं नुसता खडक नव्हता. खडकावर एक उंचवटा होता, ना पुरता लाल ना निळा, उतरत्या बाजूंचा. आणि त्याच्या पोटातून एक बारीक निळी वाट बाहेर पडत होती.

“हे काय हाय मंग?” गुरुजींनी बोट ठेवलं.

वैभवी जणू याच प्रश्नाची वाट पाहत होती. ही कड आपोआप झालेली दिसत नाही, ती म्हणाली. माती आणि मुरूम आणून टाकल्यासारखा हा उंचवटा दिसतो, कोणीतरी बांध घातल्यासारखा. डावीकडून कधीकाळी नाला येत असावा, त्याला इथं अडवलं असावं. ही निळी वाट म्हणजे कदाचित पाणी सोडायची मोरी. गाळ साचत साचत तळं भरलं आणि शेत झालं. पण हे सगळं ‘असावं’ आहे, खणून पाहिल्याशिवाय पक्कं म्हणता येणार नाही. आणि कोणी बांधलं, कधी, गाव तेव्हा कुठं होतं, हे मशीन सांगत नाही.

म्हणजे भीमही नाही आणि तारा पण नाही. कुणीतरी माणसं, टोपल्या डोक्यावर घेऊन, या कडेवरून खालीवर करत होती. गुरुजी त्या ठेंगण्या कडेकडे पाहू लागले. तिच्यावर ते इतके वेळा बसले होते, आणि ती कुणाच्या तरी हातची आहे हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. आभाळाकडे बोट करण्याच्या नादात बूड कशावर टेकलंय ते पाहायचं राहून गेलं.

खुंट्या उपटताना ते वैभवीच्या शेजारी जाऊन उभे राहिले. हिला आधीच ठाऊक असणार, अशी शंका त्यांना आता येऊ लागली होती. त्यांनी विचारलं, तारा नाही हे तुला कधी कळलं? वैभवीनं खुंटीची माती पुसली. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना, ती म्हणाली. आदळलेल्या खडकावर ज्या खुणा असतात त्या परातीच्या एकाही दगडावर तिला सापडल्या नव्हत्या.

“मंग एवढी वर्षं मले काहून नाही सांगतलं?”

“काय सांगू गुरुजी? तारा नाही येवढंच मले ठाव होतं. मंग काय हाय, ते कुठं ठाव होतं?”

गुरुजींना यावर शाब्बास म्हणावंसं वाटलं, पण त्यांनी नुसतीच तिच्या हातातली खुंटी घेतली आणि पोत्यात टाकली. संध्याकाळी गाडी गेली. उन्हाळ्यात खणायची परवानगी काढून पुन्हा येते, असं वैभवी सांगून गेली.

गाडी गेल्यावर गुरुजी रहीमभाईंना म्हणाले, रंग आणलेच आहेस तर चल. दोघे स्कूटरवरून फाट्यावर आले. उजेड अजून होता. शेलूबाजारच्या जीपा माणसं कोंबून जात होत्या, आणि त्यातली निम्मी गुरुजींच्या हाताखालून गेलेली. दोघंतिघं आतूनच ओरडले, “नमस्कार गुरुजी, निघाला म्हणे तारा!” कालची बातमी अजून धावत होती. आजची तिच्यामागून निघायची होती.

रहीमभाईंनी शिडी लावली. ते वर चढले आणि खाली पाहून विचारलं, तारा पुसून टाकू का? गुरुजींनी विचार केला. या ताऱ्यानं एक पोर विद्यापीठापर्यंत नेली होती आणि एक पेटी परातीपर्यंत आणली होती. राहू दे, ते म्हणाले. शेपूटही राहू दे. मुळा तर मुळा.

मग काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं. आधीचं सगळं तसंच ठेवायचं आणि शेवटी एक शब्द वाढवायचा. ‘रोहीखेड : इथे तारा पडला नाही’. त्याखाली बारीक अक्षरात, ‘मग काय झालं, ते परातीच्या काठावर विचारा’.

रहीमभाईंनी ब्रशचे केस बोटांनी सारखे केले. इतक्या वर्षांत त्यांनी लग्नाच्या कमानी रंगवल्या होत्या, निवडणुकीच्या भिंती रंगवल्या होत्या, पण गावानं आपल्याकडे काय नाही हे पाटीवर लिहून घेतलेलं त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. आणखी एक जीप येत होती. मग ते शिडीवरून जरा खाली वाकले आणि कोणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाले, “गुरुजी, ‘नाही’ बारीक काढतो. दुरून कोनाले दिसनार नाही. जवळ येऊन पायन तोच वाचन. काय म्हनता?”

गुरुजींना त्या म्हाताऱ्या मित्राची माया आली.

“मोठं काढ, रहीमभाई,” ते म्हणाले. “जीपीतून वाचता आलं पायजे.”

रहीमभाईंनी बारीक ब्रश खिशात ठेवला आणि रुंद मागितला. गुरुजींनी तो रंगात बुडवून वर दिला आणि शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.